यॉटवर ज्युनिअर स्ट्यूचा इंटरव्ह्यू: चीफ स्ट्यू काय बघते आणि तयारी कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी रत्नागिरीची, हॉटेल मॅनेजमेंट झालंय, मुंबईत एका फाइव्ह स्टारमध्ये हाउसकीपिंगला तीन वर्षं काढलीत, एसटीसीडब्ल्यू बेसिक (जहाजावरच्या सुरक्षेचा कोर्स) आणि ईएनजी वन मेडिकल (समुद्रावर काम करायला फिट असल्याचं सर्टिफिकेट) हातात आहे. पुढच्या आठवड्यात ५५ मीटरच्या एका चार्टर यॉटच्या (गेस्टना भाड्याने देतात ती आलिशान बोट) चीफ स्ट्यूबरोबर, म्हणजे बोटीवरच्या स्ट्युअर्डेसच्या हेडबरोबर, व्हिडिओ कॉल आहे. बोट फ्रान्समध्ये अँटिबला उभी आहे, मे ते सप्टेंबरच्या मेडिटेरेनियन सीझनसाठी इंटिरिअरला, म्हणजे केबिन, लाँड्री आणि सर्व्हिस बघणाऱ्या टीमला, ज्युनिअर हवी आहे. यॉटचा अनुभव शून्य, मग बोलायचं काय आणि हॉटेलचा अनुभव धरतात का, असं तिला विचारायचंय.

मी पण मुंबईच्या हॉटेलातून क्रूझवर आणि तिथून यॉटवर आले, आता ज्युनिअर मुलामुलींचे इंटरव्ह्यू मीच घेते, त्यामुळे कॉलच्या पलीकडच्या बाजूने काय दिसतं ते सांगते. लांब होईल, पण पूर्ण वाच.

या कॉलमध्ये चीफ स्ट्यूला दोन गोष्टी कळून घ्यायच्या असतात. ही मुलगी चार-पाच महिने माझ्याबरोबर एवढ्याशा जागेत नीट राहील का, आणि हिला जे येत नाही ते ही मला तोंडावर सांगेल का. टॉवेलच्या घड्या, टेबल लावणं, वाइन ओतणं हे सगळं दोन आठवड्यांत शिकवता येतं. या दोन गोष्टी शिकवता येत नाहीत, म्हणून सगळे प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात, प्रश्न संगमरवराबद्दल असला तरी आणि केबिनमेटबद्दल असला तरी.

आता हॉटेलचा अनुभव. धरतात, नक्की धरतात, पण तो तू कसा सांगतेस त्यावर आहे. आपली मुलं काय करतात, सीव्हीत लिहिलेलंच वाचून दाखवतात, अमुक हॉटेल, अमुक रूम्स, गेस्ट सॅटिसफॅक्शन, टीम प्लेअर. ते ऐकून माझ्या डोक्यात काहीच उभं राहत नाही. त्याऐवजी तुझं काम बोटीच्या कामाशी जोडून सांग. हॉटेलात तू दिवसाला चौदा-पंधरा रूम करत होतीस, गेस्ट बाहेर गेल्यावर ट्रॉली घेऊन आत जायचीस, झालं की पुढची. चार्टर यॉटवर जास्तीत जास्त १२ गेस्ट असतात, कारण बारापेक्षा जास्त पॅसेंजर झाले की आंतरराष्ट्रीय नियमाने ते पॅसेंजर जहाज ठरतं आणि सगळे नियमच बदलतात. म्हणजे केबिन पाच-सहाच, पण गेस्ट नाश्त्याला वर गेले की केबिन, पोहून येऊन शॉवर घेतला की परत बाथरूम, काचेवर पाण्याचा एक थेंब राहता कामा नये, संध्याकाळी जेवायला बसले की टर्नडाउन, म्हणजे रात्रीसाठी बेड तयार करणं. दिवसातून चार-चार वेळा तीच केबिन पहिल्यासारखी करायची आणि तीसुद्धा गेस्टला तू दिसलीस-न दिसलीस अशा बेताने. हा फरक तू स्वतःहून बोलून दाखवलास ना, की हॉटेलात माझा वेग तयार झाला, बोटीवर तोच वेग ठेवून डिटेलिंग करायला मला शिकावं लागेल, तर समोरच्या बाईला कळतं की या मुलीने कामाचा विचार केलाय. डिटेलिंग म्हणजे शब्दशः इअरबड आणि टूथब्रश घेऊन नळाच्या खाचा, दरवाजाच्या बिजागऱ्या, एसीच्या जाळ्या साफ करणं. ते तू केलं असशील, हॉटेलातल्या डीप क्लीनिंगमध्ये करतातच, मग तेच सांग.

ज्युनिअरला सुरुवातीला बहुतेक वेळ केबिन आणि लाँड्रीत जातो, सर्व्हिस हळूहळू मिळते. त्यामुळे "मला गेस्टबरोबर बोलायला खूप आवडतं" या वाक्यावर इंटरव्ह्यू उभा करू नकोस. ५५ मीटरच्या बोटीवर इंटिरिअरला साधारण चार-पाच जण, त्यात तू सगळ्यात खाली. क्रू मेसची भांडी, क्रूचे कपडे, क्रूचे टॉयलेट, हे तुझ्या वाट्याला येणार आणि ते येणार हे तुला माहीत आहे, हे तुझ्या बोलण्यातून दिसलं पाहिजे. आपल्याकडे डिग्री झालेल्या पोरांना इथे जरा अडखळायला होतं, चेहऱ्यावर दिसतं लगेच. मी विचारते, "क्रूची लाँड्री दिवसभर करायला लागली तर?" आणि उत्तर यायला जो अर्धा सेकंद जास्त लागतो, तो मला दिसतो.

लाँड्रीचे प्रश्न हमखास येतात, कारण पैसा तिथे जळतो. गेस्टचा सिल्कचा ड्रेस, लिननचा शर्ट, मालकिणीची कश्मिरी शाल, एक चुकीचं तापमान आणि वस्तू गेली. काही गोष्टी नीट समजून घे, पाठ करू नकोस. रक्त, दूध, अंडं असे प्रोटीनचे डाग गार पाण्याने काढायचे, गरम पाण्याने ते धाग्यात शिजून बसतात. रेड वाइन सांडली तर घासायचं नाही, आधी कोरड्या स्वच्छ कपड्याने टिपून घ्यायचं. सनस्क्रीनचा डाग ही तर यॉटची रोजची डोकेदुखी, पांढऱ्या टॉवेलवर गंजासारखे नारिंगी ठिपके उठतात, कारण बऱ्याच सनस्क्रीनमध्ये अ‍ॅव्होबेन्झोन असतं आणि पाण्यातल्या लोहाशी त्याची रिअ‍ॅक्शन होते, त्यावर क्लोरीन ब्लीच टाकलं की डाग आणखी पक्का. हे हॉटेलच्या पूल टॉवेलमध्ये तू बघितलं असशील, फक्त कारण माहीत नसेल. हे एक उदाहरण समजावून सांगितलंस तरी नवख्या मुलीकडून मी खूश होईन. शर्टाची इस्त्री कशी करतेस असंही विचारतील, कॉलर, कफ, बाह्या, मग अंग. आणि ड्रायरची जाळी प्रत्येक लोडनंतर साफ करायची, कारण त्यात साठलेला कापसाचा भुसा पेटतो. हे शेवटचं स्वतःहून बोललीस तर तुझं एसटीसीडब्ल्यू नुसतं सर्टिफिकेटपुरतं नाही हे कळतं.

आता केमिकल, कारण यातच आपल्या मुली फसतात. विचारतात, "संगमरवर कशाने साफ करशील?" आणि उत्तर येतं व्हिनेगर, लिंबू, नाहीतर बाथरूम क्लीनर. घरात आपण सगळीकडे हेच वापरतो ना, फरशीला अ‍ॅसिड, टॉयलेटला हार्पिक, चांदीला टूथपावडर, पितळेला पितांबरी. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, कुठलंही आम्ल लागलं की चकाकी जाऊन पांढरट डाग पडतो आणि तो पुसून जात नाही, पॉलिश करायला माणूस बोलवावा लागतो. न्यूट्रल पीएचचा क्लीनर, मऊ मायक्रोफायबर, लगेच कोरडं करायचं. चांदीला खरखरीत काही लावायचं नाही. पण याहून महत्त्वाचं सांगते. बोटीवर असे पृष्ठभाग असतात की तू नाव ऐकलेलं नसेल, ऑनिक्स, शार्कच्या कातडीचं पॅनेल, सोन्याचा वर्ख, लाखेचं फर्निचर. "हे कशाने साफ करशील?" याचं सगळ्यात चांगलं उत्तर असं: हे मी कधी हाताळलेलं नाही, मी आधी कोरड्या मऊ कपड्याने धूळ काढीन, दुसरं काही लावायच्या आधी तुम्हाला विचारीन आणि बोटीवर याची लिहिलेली पद्धत असेल तर ती बघीन. संपलं. मी मुद्दाम असं काहीतरी विचारते जे ज्युनिअरला येणं शक्यच नाही. जी मुलगी ठोकून देते तिचं नाव मी खाली सरकवते, कारण हीच मुलगी ऑगस्टमध्ये गेस्ट बोटीवर असताना अंदाजाने काहीतरी फवारणार आणि मला तीन दिवसांनी कळणार.

हे आपल्याला अवघड जातं, खरंच जातं. लहानपणापासून उत्तर आलं नाही तर ओरडा, नोकरीत सुपरवायझरला "माहीत नाही" म्हटलं तर अपमान, म्हणून आपण आधी "येस मॅम" म्हणतो आणि मग निस्तरत बसतो. हॉटेलात निभतं, मागे मोठी टीम असते, स्टोअर असतं, उद्या दुसरा कार्पेट येतो. समुद्रात दुसरा कार्पेट येत नाही. म्हणून या आठवड्यात एवढी एक सवय कर, घरात कोणालातरी समोर बसव आणि अवघड प्रश्न विचारायला लाव, आणि "मला हे येत नाही, मी असं असं करीन" हे वाक्य न लाजता, न हसता, सरळ डोळ्यात बघून बोलायची प्रॅक्टिस कर. इंग्रजीत. साध्या शब्दांत.

इंग्रजीबद्दल घाबरू नकोस. इंटिरिअरमध्ये दक्षिण आफ्रिका, फिलिपिन्स, इटली, क्रोएशिया, सगळीकडची मुलं असतात, सगळ्यांचे उच्चार वेगळे. हळू बोल, वाक्यं लहान ठेव, कळलं नाही तर परत विचार. एक बारीक गोष्ट, आपण हो म्हणताना मान डोलावतो ती व्हिडिओवर परदेशी माणसाला नाही वाटते, तेव्हा हो असेल तर तोंडाने हो म्हण. आणि चीफ स्ट्यूला मॅडम मॅडम करू नकोस, तिने नाव सांगितलं की नावाने बोल, कॅप्टनला मात्र कॅप्टन.

बाकीचे नेहमीचे प्रश्न. "यॉटिंगच का?" याला "जग बघायचंय" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकूही येत नाही. सीझनमध्ये तू सेंट ट्रोपे आणि पोर्टो चेर्वो बघशील ते लाँड्रीच्या गोल खिडकीतून, तेही लाँड्रीला खिडकी असली तर. खरं कारण सांग. पैसे साठवायचेत हे कारण लाजिरवाणं नाही, बोटीवर राहणं-खाणं फुकट, सुरुवातीचा पगार महिन्याला साधारण २५०० ते ३००० युरोच्या आसपास, एज्युकेशन लोन फेडायचंय, घर दुरुस्त करायचंय, सांगायला काहीच हरकत नाही. फक्त त्याला कामातलं एक कारण जोड, मला एका रूमला अर्धा तासच मिळायचा आणि मला वाटायचं अजून वेळ मिळाला तर ही परफेक्ट करता येईल, असं काहीतरी जे तुझं स्वतःचं आहे.

"टीममध्ये भांडण झालं तर काय करतेस?" इथे "माझं कोणाशी भांडण होतच नाही" म्हणू नकोस, कोणी विश्वास ठेवत नाही. पाच-सहा खरे प्रसंग आधी वहीत लिहून काढ, मराठीतच लिही, मग इंग्रजीत एका मिनिटात सांगायची तयारी कर. एक सहकाऱ्याशी खटका उडाल्याचा, एक गेस्टच्या तक्रारीचा, एक चूक तू स्वतः जाऊन सांगितल्याचा, एक खूप थकलेली असताना काम पूर्ण केल्याचा, एक कोणीही सांगितलं नसताना काहीतरी तुझ्या लक्षात आल्याचा. कुठलाही प्रश्न आला तरी यातला एक प्रसंग बसतो. शेवटचा प्रकार माझा सगळ्यात आवडता आहे. एका मुलाने मला सांगितलं होतं की एका आजोबा गेस्टच्या रूममध्ये चष्मा रोज वेगवेगळ्या जागी सापडायचा, याच्या लक्षात आलं की त्यांना रात्री चाचपडावं लागतंय, म्हणून त्याने बेडसाइडला छोटा ट्रे ठेवला आणि रोज तिथेच चष्मा ठेवायला लागला. एवढंच. पण यॉटची सर्व्हिस म्हणजे हेच आहे, गेस्टच्या प्रेफरन्स शीटवर (आवडीनिवडींचा कागद) जे लिहिलेलं नाही ते दोन दिवसांत ओळखायचं. त्या मुलाला मी घेतलं.

"तुमच्या हॉटेलात कोणी सेलिब्रिटी यायचे का?" हा प्रश्न गप्पा मारल्यासारखा येतो आणि तिथे भली भली पोरं वाहून जातात. नाव घेतलंस की संपलं. गेस्टबद्दल मी बोलू शकत नाही, एवढंच हसून सांग. बोटीवर जॉइन होताना गुप्ततेच्या करारावर सही करावी लागते आणि इंटरव्ह्यूच्या आधी तुझं इन्स्टाग्राम बघितलं जातं, तेव्हा गेस्टबरोबरचे फोटो, हॉटेलच्या रूममधले रील्स आजच काढून टाक.

खाण्याचं आधीच स्पष्ट कर. क्रूला एक शेफ असतो, कधी हेड शेफच क्रूचंही करतो, आणि शाकाहारी असशील, बीफ-पोर्क खात नसशील, उपवास करत असशील तर ते सांग. त्यात काही गैर नाही, भरपूर क्रू शाकाहारी असतात. पण पुढचं वाक्य तूच बोल, की मी खात नाही पण बीफ-पोर्कच्या प्लेट उचलायला आणि दारू सर्व्ह करायला मला काही अडचण नाही. समोरच्या माणसाला विचारायला ऑकवर्ड होतं, तू विषय मोकळा केलास तर तिला बरं वाटतं. आणि खरंच अडचण असेल तर मग या कामाचा फेरविचार कर, कारण रोज हेच आहे.

आणि गणपती! तू रत्नागिरीची आहेस म्हणून मुद्दाम लिहिते. गणपती येतात ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात, सीझन ऐन रंगात असतो, सुट्टी मिळणार नाही, कोणाचंही लग्न असलं तरी मिळणार नाही. हे घरच्यांशी कॉलच्या आधी बोलून घे. "सीझन पूर्ण करशील का?" हा प्रश्न नक्की येणार आणि त्यावर "हो, घरी बोलले आहे" असं उत्तर देता आलं पाहिजे. मध्येच सोडून जाणारी ज्युनिअर ही चीफ स्ट्यूसाठी सगळ्यात मोठी धास्ती, जुलैमध्ये माणूस शोधणं म्हणजे फार हाल.

बोट लागते का, हे विचारतील. तू समुद्रावर आठवडाभर राहिलेली नाहीस तर तसंच सांग, फेरीत किंवा होडीत त्रास झाला नाही, बोटीवर झाला तर गोळी घेऊन काम करीन. वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही लागते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. इथे एक गोष्ट बोललीस तर छान, बोट निघायच्या आधी इंटिरिअरला सगळं स्टो करावं लागतं, म्हणजे हलून पडणार नाही असं ठेवावं लागतं, फुलदाण्या खाली, ग्लास कपाटात, ड्रॉवरचे लॅच बघायचे. आग लागलेली दिसली तर काय, असंही विचारतात, आणि पुष्कळ जण थेट एक्स्टिंग्विशर उचलतात. आधी अलार्म, बाकीच्यांना कळवणं, मग झेपेल एवढीच आग विझवणं. कोर्समध्ये शिकवलंय, फक्त उजळणी कर.

व्हिसा आणि कागद. याची माहिती एका दमात देता आली पाहिजे, कारण भारतीय पासपोर्ट म्हटलं की चीफ स्ट्यूच्या मनात पहिली शंका हीच. पासपोर्ट कधीपर्यंत आहे, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) आहे का, युरोपचा शेंगेन व्हिसा होता तर कधी संपला, अमेरिकेचा बी वन बी टू व्हिसा आहे का, ईएनजी वनची तारीख काय. ईएनजी वन जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, एसटीसीडब्ल्यूमधलं फायर फायटिंग आणि सर्व्हायव्हल दर पाच वर्षांनी रिफ्रेश करावं लागतं. सिक्युरिटी अवेअरनेस आणि फूड हायजीन लेव्हल टू नसेल तर उरक, दुसरं ऑनलाइन होतं. बी वन बी टू असेल तर ठळक सांग, कारण हिवाळ्यात बऱ्याच बोटी कॅरिबियन आणि फ्लोरिडाकडे जातात आणि तुला पुढे ठेवायचं की नाही हे त्यावर ठरू शकतं. काही नसेल तर नाही म्हण, बोटीचा एजंट कागद देऊन व्हिसा करतो, तुझी तारीख खरी असणं महत्त्वाचं. टुरिस्ट व्हिसावर अँटिबला नाहीतर स्पेनमधल्या पाल्माला जाऊन गोदीवर बोटी बोटी फिरत काम शोधायचा सल्ला खूप जण देतात, युरोपियन मुलांसाठी तो ठीक आहे, भारतीय पासपोर्टवाल्याला मी तो देत नाही. टुरिस्ट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे आणि एकदा व्हिसाला डाग लागला की पुढची वर्षं खराब होतात.

रेफरन्स. सीव्हीवर हॉटेलच्या एचआरचा ईमेल टाकून ठेवतात आणि तिथून कोणी कधी उत्तर देत नाही. जिने तुझं काम रोज बघितलं त्या सुपरवायझरचा चालू व्हॉट्सअ‍ॅप नंबर दे, तिने नोकरी बदलली असली तरी चालेल, आणि तिला आधीच कळवून ठेव की परदेशी नंबरवरून फोन येईल, उचल. आम्ही खरंच फोन करतो. विचारतो, "परत घ्याल का हिला?" आणि उत्तराआधीचा थांबा ऐकतो.

कॉलच्या दिवसाचं. वेळ कुठल्या देशाची ते नीट बघ, फ्रान्स आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेतीन तास, या एका तासाने मुलं इंटरव्ह्यू चुकवतात. चीफ स्ट्यू स्वतः कामात असते, वेळ ऐनवेळी सरकते, चिडायचं नाही. मागे साधी भिंत, तोंडावर उजेड, फोन पुस्तकांवर टेकवून डोळ्यांच्या उंचीला ठेव. केस बांधलेले, कॉलरचा साधा शर्ट, नखं कापलेली आणि नेलपॉलिश नाही, कानात छोटे टॉप्स. बोलताना तुझे हात दिसतात आणि आम्ही ते बघतो. वायफायवर विसंबू नकोस, लाइट गेली तर म्हणून फोन चार्ज आणि मोबाइल डेटा तयार. घरच्यांना सांग की अर्धा तास कुकर लावू नका आणि दार वाजवू नका. सीव्ही समोर ठेव, वहीतले प्रसंग समोर ठेव, पण वाचून बोलू नकोस, डोळे सरकलेले कळतात.

बोटीबद्दल वाचून जा. चार्टर यॉट असेल तर चार्टर कंपन्यांच्या साइटवर तिचे फोटो, केबिन किती, बांधलेली कधी, आतलं फर्निचर कसं, सगळं मिळतं. फोटो बघून एक नेमका प्रश्न काढ, सलूनमध्ये (बोटीवरच्या बैठकीच्या खोलीत) फिकट कार्पेट दिसतंय, चार्टरमध्ये ते कसं सांभाळता? असा प्रश्न विचारणारी मुलगी मला लक्षात राहते. शिवाय हे विचार: इंटिरिअरची टीम किती जणांची, ज्युनिअर केबिन-लाँड्री-सर्व्हिस आलटून पालटून करते की एकाच जागी, आधीची ज्युनिअर का गेली, सलग चार्टर किती असतात. शेवटचे दोन प्रश्न थोडे धीट आहेत पण विचारायचेच, त्यांच्या उत्तरावरून बोट कशी आहे ते तुलाही कळतं. चीफ स्ट्यू आधीच्या मुलीबद्दल कडवट बोलायला लागली तर ते कानात ठेव. टिपचं मात्र पहिल्या कॉलला विचारू नकोस. पगार तिने विचारला तर आकडा सांग, "तुम्ही द्याल ते" म्हणू नकोस.

बॉयफ्रेंड आहे का, लग्न कधी, असंही विचारतात. मला स्वतःला हा प्रश्न पटत नाही आणि मी विचारत नाही, पण येतो. माझ्या घरच्यांना माहीत आहे आणि मी सीझनसाठी मोकळी आहे, एवढं पुरे, बाकी तपशील द्यायची गरज नाही. गेस्टने ड्रिंक घ्यायला बोलावलं तर काय, याचं उत्तर हसून नाही आणि चीफ स्ट्यूला कळवणं. कोणी गेस्ट त्रास देत असेल तरी तेच, गप्प बसायचं नाही. हे तू बोलशील तेव्हा तिच्या प्रतिक्रियेकडे बघ, चांगली चीफ स्ट्यू लगेच म्हणते की हो, माझ्याकडेच ये.

मुलगे पण विचारतात म्हणून दोन ओळी. इंटिरिअरला मुलांना जागा कमी मिळतात, आणि त्याचं एक कारण अगदी साधं आहे, क्रू केबिन दोघांची असते आणि रिकामा बंक मुलीच्या केबिनमधला असेल तर मुलगीच घ्यावी लागते. तेव्हा नकार आला म्हणजे तू कमी पडलास असं नाही. मोठ्या बोटींवर, साठ-सत्तर मीटरच्या पुढे, मुलांना संधी बरी असते, तिकडे जोर लाव.

आणि हे फार महत्त्वाचं: या नोकरीसाठी कोणीही पैसे मागितले तर तिथेच थांब. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, त्याप्रमाणे भरती एजन्सीने खलाशाकडून नोकरी लावून देण्याची फी घ्यायची नाही, मेडिकल, सीडीसी, पासपोर्ट यांचा खर्च तेवढा आपला. भारतानेही २०१५ मध्ये ते मान्य केलंय, आणि भारतातल्या एजंटकडे डीजी शिपिंगचं (केंद्र सरकारचं जहाज खातं) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स लागतं, यादी त्यांच्या साइटवर आहे, नाव तपासून घे. "सीट पक्की करायला" दोन लाख, "व्हिसा प्रोसेसिंग"चे ऐंशी हजार, असं म्हणणाऱ्यांनी कोकणातल्या आणि गोव्यातल्या किती घरांचे दागिने खाल्लेत. खरी बोट तुझ्याकडून पैसे घेत नाही, उलट तिकीट काढून देते.

कॉल झाला की त्याच दिवशी दोन ओळींचा थँक्यू मेसेज पाठव, सोबत सगळी सर्टिफिकेट एकाच पीडीएफमध्ये, फाइलला तुझं नाव. दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा विचार, रोज विचारू नकोस. हो आलं तर कॅप्टनबरोबर एक छोटा कॉल होईल, तो जास्त करून सेफ्टी, कागद आणि तुझा स्वभाव एवढंच बघतो.

मग सीफेअरर्स एम्प्लॉयमेंट अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे नोकरीचा करार येईल, तो विमानात बसायच्या आधी हातात हवा. त्यात बघ: बोटीचा झेंडा कुठला (म्हणजे नोंदणी कुठल्या देशाची), पगार कुठल्या चलनात आणि महिन्याच्या कुठल्या तारखेला, सुट्टी किती, मेडिकल इन्शुरन्स आहे का, नोटीस पिरियड किती, आणि काम संपल्यावर रत्नागिरीपर्यंत, निदान मुंबईपर्यंत, परत पाठवायचा खर्च कोणाचा. कन्व्हेन्शनप्रमाणे महिन्याला अडीच दिवस पगारी रजा आणि २४ तासांत किमान १० तास, आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. चार्टरमध्ये ती ओढाताणीनेच मिळते, पण कागदावर असली तर मागता तरी येते. एखादं कलम कळलं नाही तर सही करायच्या आधी विचार, त्याने नोकरी जात नाही.